घानाची सहल: आधी दिनदर्शिका, मग लस, मग तिकीट

घानाला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची सहल बहुतेकदा चुकीच्या क्रमामुळे बिघडते. स्वस्त तिकीट दिसले म्हणून ते आधी काढले जाते, लस शेवटच्या आठवड्यात आठवते आणि सण पाहायचा होता हे राजधानी अक्राला पोहोचल्यावर लक्षात येते. केंटे नावाचे हातमागाचे वस्त्र घाईत विमानतळाजवळ विकत घेतले जाते आणि घरी आल्यावर ते छापील निघते. या लेखात देशाची ओळख करून दिलेली नाही. कोणते काम कशाच्या आधी करावे आणि कोणत्या ठिकाणी लोक हमखास अडखळतात, एवढेच येथे मांडले आहे. बारा ते चौदा दिवसांची सहल गृहीत धरली आहे.

टप्पा १: महिना निवडणे

पहिला प्रश्न "काय पाहायचे आहे?" हा असावा, "सुट्टी कधी आहे?" हा त्यानंतर. घानाच्या दक्षिण भागात पावसाचे दोन हंगाम असतात. एप्रिल ते जून हा मोठा आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हा लहान. उत्तरेत मे ते ऑक्टोबर असा एकच हंगाम असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत सहारातून हरमॅटन नावाचा कोरडा, धुळीचा वारा येतो, आकाश धुरकट होते, ओठ फुटतात आणि छायाचित्रे फिकी येतात. तरीही मोले राष्ट्रीय उद्यानात हत्ती पाहायचे असतील तर जानेवारी ते मार्च हाच काळ उत्तम, कारण पाणी आटल्यामुळे हत्ती पाणवठ्यांवर येतात.

सणांचे गणित वेगळे आहे. काही सण ठरावीक शनिवारी येतात. विनेबा येथील अबोआक्येर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, केप कोस्टचा फेतू अफाह्ये सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आणि अन्लोगा येथील होग्बेत्सोत्सो नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी असतो. कुमासी येथील अकवासिदाए मात्र कोणत्याही इंग्रजी महिन्याला बांधलेला नाही. तेथील आसांते समाजाच्या पंचांगाचे चक्र ४२ दिवसांचे असल्यामुळे हा दिवस दर सहा आठवड्यांनी एका रविवारी येतो आणि त्या दिवशी मान्ह्या राजवाड्यात आसांतेहेने, म्हणजे आसांते राजे, दरबार भरवतात. अलीकडच्या एखाद्या अकवासिदाएची तारीख मिळाली की तिच्यात ४२-४२ दिवस मिळवत जा, पुढच्या तारखा निघतील. माझ्या मते सगळी सहल याच एका रविवाराभोवती गुंफावी, कारण वस्त्र, वाद्ये, छत्र्या, सोने आणि राजशिष्टाचार हे सारे एका जागी क्वचितच पाहायला मिळते.

*सावधान:* अक्रातील गा समाजाच्या होमोवो सणाच्या आधी, साधारण मेच्या मध्यापासून महिनाभर, शहरात ढोल वाजवण्यावर आणि मोठ्या आवाजावर पारंपरिक बंदी असते. ढोलवादन आणि रात्रीचे संगीत ऐकण्यासाठी येणाऱ्या गटांनी नेमके हेच दिवस निवडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

*तपासणी:* निवडलेला सण, त्या भागातील पाऊस आणि अक्रातील बंदी या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर तारखांसह लिहून झाल्या आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: पीतज्वराची लस आणि हिवतापाच्या गोळ्या

घानात प्रवेश करताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. लस घेतल्यानंतर दहा दिवस उलटल्यावरच ते वैध होते. त्यानंतर ते आयुष्यभर चालते, २०१६ पासून दर दहा वर्षांनी पुन्हा लस घेण्याची अट राहिलेली नाही. ही लस कोणत्याही खासगी दवाखान्यात टोचून घेऊन उपयोग नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच ती घ्यावी लागते आणि तेथेच शिक्का मारलेली आंतरराष्ट्रीय पुस्तिका मिळते. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे ही सोय आहे. आरोग्य मंत्रालयाच्या यादीत आपल्या जवळचे केंद्र शोधा आणि लसीचे दिवस व वेळ आधी विचारून घ्या, कारण काही केंद्रांवर ती ठरावीक वारांनाच देतात. पुस्तिकेतील नाव आणि पारपत्र क्रमांक तेथेच उभे राहून जुळवून पाहावेत.

अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा साठीपुढील वय असेल, तर लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

आता बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट. हे प्रमाणपत्र परत येतानाही लागते. पीतज्वराच्या देशातून आलेल्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. त्यामुळे पुस्तिका पारपत्रासोबत हातातील पिशवीत ठेवा. ती मोठ्या बॅगेत टाकून बॅग विमानात चढवणे ही नेहमीची चूक आहे.

हिवतापाचा धोका घानाच्या सर्व भागांत वर्षभर असतो, आणि तेथे प्रामुख्याने आढळणारा प्रकार फाल्सिपेरम, म्हणजे घातक, असतो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांनी ठरवायच्या. काही गोळ्या निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात, तर काही दोन-तीन आठवडे आधी. परतल्यावर काही सात दिवस घ्याव्या लागतात, तर काही चार आठवडे. "आम्ही कोकणातले, डासांची सवय आहे" हा युक्तिवाद येथे कामाचा नाही.

टप्पा ३: व्हिसा, तिकीट, पैसे

भारतीय पारपत्रधारकांना व्हिसा लागतो आणि घानाचे उच्चायुक्तालय नवी दिल्लीत आहे. कागदपत्रांची यादी आणि शुल्क बदलत असते, म्हणून ओळखीच्या कोणाच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नका. उच्चायुक्तालयाच्या संकेतस्थळावर त्या आठवड्यात जे लिहिलेले असेल तेच प्रमाण माना. लसीची पुस्तिका आणि राहण्याची व्यवस्था अर्जाआधी हाताशी असावी. टप्पा २ आधी का, हे यावरून कळेल.

मुंबईहून अक्राला जाताना विमान बहुधा अदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईत बदलावे लागते. उत्तरेला जाणार असाल तर अक्रा ते तमाले हे देशांतर्गत तिकीटही आत्ताच पाहा.

घानाचे चलन सेडी, आणि एका सेडीचे शंभर पेसेवा. भारतात सेडी मिळण्याची आशा न धरता नव्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या. विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, पण भिंतीवरील सॉकेट बहुतेक ठिकाणी चौकोनी तीन पिनांचे असते, त्यासाठी जोडणी (ॲडॉप्टर) घ्या. लष्करी छपाईचे कपडे सामानातून काढा. घानात सामान्य नागरिकांना ते घालण्यास मनाई आहे, मग ती लहान मुलाची पँट का असेना.

टप्पा ४: मार्गाचा क्रम: उत्तरेकडून दक्षिणेकडे

बहुतेक कार्यक्रमांत अक्राहून थेट केप कोस्टला जाऊन गुलामांच्या व्यापाराचे किल्ले पाहतात, मग कुमासी आणि वेळ उरल्यास उत्तर. मी उलटा क्रम सुचवतो. याचे कारण प्रवासाच्या सोयीचे नाही, विषयाचे आहे. गुलाम म्हणून पकडलेल्या अनेकांना उत्तरेकडून चालवत किनाऱ्यावर आणले जाई, म्हणून त्याच दिशेने गेल्यास किनाऱ्यावरच्या किल्ल्यांचा अर्थ लागतो.

पहिले दोन दिवस अक्रात राहा. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचे स्मारक, जेम्सटाउन ही जुनी वस्ती आणि मकोला बाजार यांना ते पुरतात. मग विमानाने तमाले आणि तेथून रस्त्याने मोले. जवळच लाराबांगा येथे काठ्या रोवलेल्या मातीच्या भिंतींची जुनी मशीद आहे. ती बाहेरूनच पाहायची असते, बिगर मुस्लिमांना आत प्रवेश नाही, आणि मार्गदर्शकाची रक्कम बोलणे सुरू करण्यापूर्वीच ठरवून घ्यावी. पुढे पूर्ण दिवसाच्या प्रवासाने कुमासी. येथे तीन रात्री ठेवा आणि अकवासिदाएचा रविवार त्यातच बसवा. कुमासीहून केप कोस्टकडे जाताना वाटेत आसिन मान्सो येथे नदीकाठचे ते ठिकाण लागते, जेथे बंदिवानांना किनाऱ्यावर नेण्याआधी अखेरची आंघोळ घातली जात असे. येथे थांबून मगच केप कोस्ट आणि एल्मिना पाहा. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला, आणि किनाऱ्यावरचे हे किल्ले १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

काकुम राष्ट्रीय उद्यानातील झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा झुलता पूल केप कोस्टपासून तासाभराच्या अंतरावर आहे. जमिनीपासून सुमारे ४० मीटर उंच आणि साधारण ३५० मीटर लांब अशा या वाटेवर सकाळी दार उघडताच जावे, नंतर रांग लागते. मात्र काकुम आणि किल्ला एकाच दिवशी ठेवू नका. सकाळी पुलावर हसत-खिदळत फिरून दुपारी अंधारकोठडीत उतरणे आणि तेथेही सेल्फी काढणे हे तेथल्या लोकांना खटकते, आणि ते खटकावेच. अमेरिकेतून आपल्या पूर्वजांच्या शोधात आलेली माणसे त्याच गटात तुमच्या शेजारी रडत उभी असू शकतात.

*सावधान:* विमानतळ, लष्करी ठाणी आणि सरकारी इमारतींची छायाचित्रे काढू नका. माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नका.

टप्पा ५: बोलण्याआधी अभिवादन

घानात थेट प्रश्न विचारणे उद्धटपणाचे समजतात. "बसस्थानक कुठे आहे?" हे विचारण्याआधी अभिवादन हवेच. आकान लोकांच्या (आसांते हे त्यांतलेच) त्वी भाषेत सकाळी "माच्ये", दुपारी "माहा", संध्याकाळी "माज्वो" म्हणतात. आभारासाठी "मेदासे". "अक्वाबा" म्हणजे स्वागत असो, हा शब्द तुम्हाला पहिल्या तासातच ऐकू येईल. एवढे चार-पाच शब्द आले तरी पुरे, बाकी व्यवहार इंग्रजीत होतो. अक्रात गा, व्होल्टा भागात एवे आणि तमालेत दाग्बानी बोलतात, हे लक्षात ठेवून सगळीकडे त्वीचा आग्रह धरू नये.

ओळीने बसलेल्या मंडळींना भेटताना उजव्या टोकापासून डावीकडे जात हस्तांदोलन करावे. मधल्या ओळखीच्या माणसाकडे आधी धाव घेतली तर बाकीच्यांचा अवमान होतो. डाव्या हाताने जेवायचे नाही हे आपल्याला घरूनच माहीत असते, पण घानात डाव्या हाताने पैसे देणे, वस्तू घेणे, हात हलवून बोलावणे किंवा दिशा दाखवणे हेही अपमानकारक आहे. येथेच आपली माणसे चुकतात, कारण एका हातात फोन असतो आणि दुसरा आपोआप पुढे होतो. उजवा हात अडकला असेल तर डाव्याबद्दल आधी क्षमा मागावी.

स्वतःचा जन्मवार शोधून ठेवा. आकान पद्धतीत प्रत्येकाला वारावरून नाव असते. शनिवारी जन्मलेला मुलगा क्वामे, शुक्रवारचा कोफी. मुलीसाठी शनिवारी आमा, शुक्रवारी आफिया. तुमचा वार कोणता, हे कोणीतरी विचारतेच.

टप्पा ६: जेवण, क्रमाने

पहिल्याच दिवशी फुफू मागवणे ही चूक आहे. चव आणि पोत दोन्ही अनोळखी असल्यामुळे निम्मी मंडळी त्याच क्षणी घानाच्या जेवणाला कायमची नाही म्हणतात. पायरीपायरीने जा.

१. पहिल्या दोन दिवशी जोलोफ आणि रेड रेड घ्या. जोलोफ म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेला भात. रेड रेड म्हणजे लाल पाम तेलातील चवळी आणि सोबत तळलेली पिकी केळी. ही केळी आपल्या वसईकडच्या राजेळीसारखी घट्ट असतात. संध्याकाळी केलेवेले, म्हणजे आले-मिरची लावून तळलेले याच केळ्यांचे तुकडे, रस्त्याकडेला मिळते.

२. तिसऱ्या दिवसापासून वाच्ये. भात आणि चवळी ज्वारीच्या वाळलेल्या पात्यांसह शिजवतात, त्यामुळे त्याला तांबूस रंग येतो. हा सकाळचा पदार्थ आहे, दुपारी उशिरा शोधत गेलात तर भांडे रिकामे दिसेल. त्यावर शितो घालतात. ती सुके मासे, सुका कोळंबीचुरा आणि मिरची तेलात काळपट होईपर्यंत परतून केलेली चटणी असते. जवळ्याची चटणी खाणाऱ्याला ती परकी वाटणार नाही.

३. मग आंबवलेले पदार्थ. केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा पानात बांधून शिजवलेला गोळा. गा लोक त्याला मक्याच्या सालीत बांधतात, फांते लोक केळीच्या जातीच्या पानात. बांकूत मक्याबरोबर कसावाही असतो, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच.

४. शेवटी फुफू. उकडलेला कसावा आणि कच्ची केळी उखळात कुटून केलेला हा चिकट गोळा शेंगदाण्याच्या किंवा पामफळाच्या सुपात ठेवून देतात. आधी हात धुण्याचे भांडे येते. उजव्या हाताच्या बोटांनी लहान तुकडा तोडायचा, सुपात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. भाकरीसारखा चावत बसलात तर तो तोंडातच फिरत राहतो आणि मग दोष फुफूला दिला जातो.

कोंतोमिरे नावाची पालेभाजी अळूच्या भाऊबंदाच्या पानांची असते, आणि सोबोलो हे गडद लाल पेय अंबाडीच्या बोंडांचे. दोन्ही निःशंक मागवा, पण भाजीत काय घातले आहे हे विचारूनच.

*शाकाहारी वाचकांसाठी सावधान:* "मांस नको" एवढे सांगून भागत नाही, कारण मासे अनेकदा मांसात धरलेच जात नाहीत. रश्शात खारवलेला मासा, सुक्या कोळंबीची पूड किंवा मासे-मांसाच्या अर्काची मसाल्याची वडी असू शकते. वाच्येवर आणि रश्शात वेले नावाचे तुकडे असतात, ते गाईचे कातडे असते. त्यामुळे मासा, कोळंबी, वेले आणि मांस ही चारही नावे एकेक करून नाकारा. शितो नको हे वेगळे सांगा. खात्री नसेल तेव्हा भाजलेले केळे आणि शेंगदाणे घ्या. या जोडीला तेथे गमतीने "कोफी ब्रोकमॅन", म्हणजे कंगाल कोफी, म्हणतात आणि ती पोट व्यवस्थित भरते.

टप्पा ७: वस्त्र: आधी ओळखणे, मग घेणे, मग नेसणे

केंटे हातमागावर सुमारे चार इंच रुंदीच्या लांब पट्ट्यांत विणतात आणि मग त्या पट्ट्या शेजारी शेजारी शिवून मोठे वस्त्र तयार करतात. पुरुषाच्या पूर्ण वस्त्रात अशा वीसहून अधिक पट्ट्या असतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी फसवणूक टळते. बाजारात "केंटे" म्हणून जे सर्रास मिळते ते नक्षी छापलेले सुती कापड असते. ते घेण्यात गैर काही नाही, फक्त छापील म्हणून आणि छापील कापडाच्या भावात घ्यावे.

*तपासणी:* कापड उलटे करा. विणलेली नक्षी मागेही स्पष्ट दिसते, छापील नक्षी मागे फिकी असते. पट्ट्यांमधील शिवण बोटाला लागली पाहिजे. शिवणीवर नक्षी किंचित सरकलेली दिसली तर ती खोट मानू नका, पैठणी पारखणाऱ्याला हे समजावण्याची गरज नाही.

खरेदी कुमासीत असताना करा. आसांते विणकरांचे बोनवीरे गाव तेथून जवळ आहे आणि त्याच फेरीत न्तोन्सो येथे आदिंक्रा, म्हणजे अर्थपूर्ण चिन्हांचे ठसे, कापडावर मारताना पाहता येते. भोपळ्याच्या कवटीवर कोरलेले ठसे आणि झाडाच्या सालीपासून उकळून केलेली काळी शाई, असे ते काम चालते. एवे पद्धतीचे केंटे हवे असेल तर व्होल्टा भागातील अगोतिमे क्पेतोए. रंग आणि नक्षीचे नाव विणकरालाच विचारा, कारण प्रत्येक नक्षीला नाव आणि अर्थ असतो.

नेसताना पुरुषांनी ते लुंगीसारखे कमरेला गुंडाळू नये. वस्त्र अंगाभोवती घेऊन त्याचे टोक डाव्या खांद्यावर टाकतात, उजवा खांदा आणि हात मोकळा राहतो, आत अर्धी विजार असते. पिन लावत नाहीत, डाव्या हाताने सावरत राहायचे असते, म्हणून खोलीत अर्धा तास सराव करूनच बाहेर पडा. स्त्रिया काबा नावाची शिवलेली चोळी आणि स्लिट नावाचा लांब घागरा घालतात. छापील कापड घेऊन तेथल्या शिंप्याकडून तो जोड शिवून घेणे सर्वांत सोपे, पण त्यासाठी तीन-चार दिवस हाताशी हवेत. उत्तरेत पट्ट्यांचा जाड, घेरदार सदरा घालतात. त्याला फुगू किंवा बाताकारी म्हणतात आणि तो तमालेतच घ्यावा.

*सावधान:* लाल आणि काळा हे आकान लोकांत शोकाचे रंग आहेत. शनिवारी रस्त्यांवर लाल-काळ्या कपड्यांतील गर्दी दिसली तर ती बहुधा अंत्यविधीची असते. काळ्या किंवा लाल पार्श्वभूमीवरील आदिंक्रा कापड सुंदर दिसते म्हणून कोणाच्या बारशाला घालून जाऊ नका.

टप्पा ८: दरबारात

अकवासिदाएच्या सकाळी लवकर जागा धरा. प्रमुखाला किंवा राजाला प्रत्यक्ष भेटण्याची संधी मिळाल्यास क्रम असा: भेट म्हणून श्नॅप्स या कडक मद्याची बाटली न्यावी (उत्तरेत कोला फळे देतात), ती थेट हातात न देता दरबारातील ओक्येआमे, म्हणजे राजाचा वक्ता, त्याच्यामार्फत द्यावी, आणि बोलणेही त्याच्याच द्वारे करावे. केंटे नेसलेल्या पुरुषाने खांद्यावरचे वस्त्र खाली घेऊन पादत्राणे काढावीत. बसल्यावर पायावर पाय टाकू नये.

टप्पा ९: परत निघताना

जुन्या दिसणाऱ्या लाकडी मूर्ती, मुखवटे किंवा पितळी वजने घेतली असतील तर त्या पुराणवस्तू नाहीत हे सिद्ध करावे लागू शकते. घानाच्या संग्रहालय व स्मारक मंडळाकडून त्यासाठी परवानगी घ्यावी लागते, म्हणून विक्रेत्याची पावती जपा आणि परवानगीचे काम शेवटच्या दिवसावर ढकलू नका. हस्तिदंताला हातही लावू नका. लसीची पुस्तिका पुन्हा हातातील पिशवीत आली का, ते पाहा.

घरी आल्यावर प्रतिबंधक गोळ्यांचा क्रम पूर्ण करा. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून दोन दिवस वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि घानाला जाऊन आल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे हिवतापाची रक्ततपासणी लगेच होईल.